चेंडू सोडताना

मुनिरक्यातील एका अरुंद गल्लीत सध्या माझे तात्पुरते बिऱ्हाड आहे. वरच्या खोलीत सातारा जिल्ह्यातला एक संशोधक विद्यार्थी राहतो. १० फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे त्याने मला अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना पाहावयास बोलाविले. खेळ मला परका. परंतु फिलाडेल्फियाच्या जॉर्डन मायलाटाची हकीकत ऐकली आणि माझी झोप उडाली.

सिडनीत वाढलेला, सामोअन वंशाचा हा तरुण मूळचा रग्बी लीगचा खेळाडू. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नसताना २०१८ साली त्या संघाने त्याची निवड केली. रग्बीत तो चेंडू काखेत धरून धावत असे. येथे त्याचे काम चेंडू फेकणाऱ्या सहकाऱ्याचे रक्षण करण्याचे. चेंडूला त्याचा हात सहसा लागतच नाही.

मला खाशाबा जाधव आठवले. गोळेश्वरच्या मातीत घडलेले हे मल्ल १९४८ साली लंडनला मॅटवर उतरले व सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. मातीत पाठ टेकली की निकाल. मॅटवर गुणांचाही हिशेब. तरी कुस्ती ही कुस्तीच राहिली. खाशाबांनी भूमी बदलली, मायलाटाने भूमिका.

"सर, त्याला चेंडूची आठवण येत नसेल?" विद्यार्थ्याने विचारले.

प्रश्न मायलाटाविषयी नव्हता. प्रबंध मराठीऐवजी इंग्रजीत लिहावा, असा सल्ला मीच त्याला दिला होता. वीस वर्षांपूर्वी मीही तोच मार्ग धरला. तेव्हापासून इतरांच्या साहित्याचा अर्थ लावतो, तुलना करतो, कोणी आक्षेप घेतल्यास त्याची बाजू राखतो. या कामाला मी कमी लेखत नाही. परंतु स्वतःचे मराठी वाक्य घेऊन धावणे मात्र थांबले.

वेल्सचा लुई रीस-झॅमिट २०२४ साली रग्बी सोडून त्याच खेळाकडे गेला आणि २०२५ साली रग्बीत परतला. परतण्यात नामुष्की नसते, हे मला उशिरा उमगले.

त्या पहाटे फिलाडेल्फियाने सामना ४०–२२ असा जिंकला. उजाडताना मी म्हणालो, "प्रबंध इंग्रजीतच लिही. पण एक प्रकरण आधी मराठीत लिहून मला दाखव."

"आणि तुम्ही, सर?"

तेव्हा मी गप्प राहिलो. हा लेख आज त्याच्या हाती देणार आहे.