रीगल ते चर्चगेट : स्टीव्हन्सची मुंबई

रीगल सिनेमाच्या चौकातून बोरीबंदर आणि तिथून चर्चगेट, एवढ्या पायपिटीत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचे बहुतेक कर्तृत्व क्रमाने नजरेखालून जाते. इंग्लंडमधल्या बाथ गावी १८४७ साली जन्मलेला हा वास्तुविशारद १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीसाठी हिंदुस्थानात आला आणि १९०० साली मुंबईतच मलेरियाने वारला. त्याने मुंबईला विलायती इमारती दिल्या, असे सर्रास म्हटले जाते. त्या बांधल्या गेल्या त्या क्रमाने पाहिल्या, तर मुंबईनेही त्याला घडवले असे मानावे लागते.

चौकातले पोलीस मुख्यालय म्हणजे त्याचे १८७६ साली पूर्ण झालेले खलाशीगृह. पुढे इथेच विधिमंडळ भरत असे. आराखडा गॉथिक, दर्शनी त्रिकोणावर समुद्रदेव नेपच्यून. मुंबईच्या उन्हापावसाची दखल घेतात त्या फक्त व्हरांड्याच्या कमानी. बोरीबंदरला मात्र चित्र पालटते. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभे राहिलेले हे स्टेशन लंडनच्या सेंट पँक्रसची नक्कल आहे, असा आक्षेप जुनाच आहे. साम्य आहेच, पण मधोमध उभारलेला अष्टकोनी दगडी घुमट सेंट पँक्रसला नाही. भिंतींवरच्या मोर-माकडांच्या आणि पानाफुलांच्या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, आणि बांधकामावर सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे इथले अभियंतेही होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फाटकावरचे सिंह आणि वाघ राज्यकर्ते आणि रयत यांना शेजारी बसवून साम्राज्याचीच ग्वाही देतात. घुमटांचा सोसही तेव्हाच्या सरकारी अभिरुचीचा भाग होता. हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हेतू साम्राज्याचा असला, तरी इमारतीचे रूप केवळ हेतूने ठरत नाही; पोरबंदरचा दगड, स्थानिक बेसॉल्ट आणि कारागिरांची सवय यांनीही ते ठरते. रस्त्यापलीकडची १८९३ ची महापालिका आणि चर्चगेटचे १८९९ चे रेल्वे मुख्यालय यांत घुमट आणि पाकळीदार कमानी गॉथिकच्या बरोबरीने बोलू लागतात. खलाशीगृह रचणाऱ्या तरुणाला हे सुचले नव्हते. मुंबईत वर्षे काढल्यावर सुचले.

म्हणून या इमारतींचे श्रेय एकट्या स्टीव्हन्सला देणे जितके चूक, तितकेच त्या परक्या म्हणून झिडकारणे चूक. बाथमध्ये राहिला असता, तर चर्चगेटची इमारत त्याच्या हातून झाली नसती.