कोणाची मध्यरात्र?

वर्गांत मुलांना मी वर्षानुवर्षें वेळेचें महत्त्व सांगत आलों. पण वेळ कोणाची, हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. वसंतांत क्योटोला जावयाचें म्हणून आम्हीं तेथें एक लहानसें घर भाड्यानें ठरविलें होतें. ‘अमुक तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द केल्यास सर्व पैसे परत,’ ही अट मीं दोनदां वाचली होती. नेमक्या त्याच दिवशीं अक्काला इस्पितळांत न्यावें लागलें. दिवसभर तिच्या उशाशीं बसून रात्रीं दहाला मीं मोबाईल उघडला आणि घर रद्द केलें. उत्तर आलें : मुदत टळली, निम्मेंच भाडें परत मिळेल. मध्यरात्र होती ती त्या घराच्या गांवची, माझ्या नव्हे! जपानचें घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास. तेथें बारा वाजले तेव्हां पुण्यांत साडेआठच झाले होते. घर एडिंबरोचें असतें, तर उन्हाळ्यांत हीच मध्यरात्र मला पहांटे साडेचारपर्यंत पुरली असती.

मी हळहळलों खरा. पण साडेआठला मी काय करीत होतों? अक्का माझ्या हातून पेजेचे चार घोट घेत होती, दिवसांतले पहिलेच. ती वेळ मात्र मला साधली होती.