अरण्याचे वेळापत्रक

व्यापारी कुटुंबात वेळेला वचनाइतकेच मोल असते. दुकान उघडण्याची वेळ ठरली, की ती ग्राहकाला दिलेली हमीच होय. म्हणूनच परगावी किंवा परदेशी गेलेल्या व्यापाऱ्याचे लक्ष प्रथम तेथील बाजाराच्या वेळांकडे जाते. स्पेनमधील लहान गावांत भर दुपारी दुकाने मिटतात, जर्मनीत रविवारी बहुतेक बाजार बंद असतो, हे पाहून त्याला नवल वाटते. परंतु असे नवल पाहण्यास परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत दिवसाची आखणी घड्याळापेक्षा सूर्य, ऋतू आणि नदी यांच्यावर अधिक अवलंबून असते.

नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वाटेत भद्रावती लागते. जुन्या भांदक गावचे हे श्री स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचे तीर्थ जैन कुटुंबांना परिचित आहे. अनेकांचा या भागातील प्रवास इथल्या धर्मशाळेतूनच सुरू होतो. भोजनशाळेतील संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते, आणि चौविहार पाळणाऱ्याला तो दिवस सोयीचा जातो. अडचण येते ती पुढे, ताडोब्याचा बेत आखताना.

ताडोबा हे 1955 साली घोषित झालेले राष्ट्रीय उद्यान. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांतून सकाळी आणि दुपारी अशा दोन फेऱ्यांत पर्यटकांच्या गाड्या आत सोडल्या जातात. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. फेऱ्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे पुढेमागे होतात, कारण सूर्योदय आणि सूर्यास्त हेच त्यांचे मोजमाप. डिसेंबरात इथे पावणेसहापूर्वीच सूर्य मावळतो, मे महिन्यात पावणेसातच्या सुमारास. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या बेतात संपते, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत अंधार पडतो. अशा वेळी चौविहार करणाऱ्याने एक तर दुपारी निघण्यापूर्वीच दिवसाचे जेवण पूर्ण करावे, अथवा सकाळची फेरी निवडावी. सकाळच्या फेरीत नवकारशी आपोआप साधते. सूर्योदयानंतरच्या दोन घटिका जंगलातच सरतात, आणि बाहेर आल्यावर निवांत न्याहारी करता येते. डिसेंबरातील पहाटेचा गारठा मात्र बोचरा असतो. उघड्या गाडीत वृद्धांसाठी आणि मुलांसाठी शाल, कानटोपी हवीच.

उन्हाळ्यात चित्र पालटते. चंद्रपूरची गणना देशातील अतिउष्ण शहरांत होते. मे महिन्यात दुपारी रस्ते ओस पडतात आणि बाजाराला जाग येते ती ऊन उतरल्यावर. खरेदी असो वा कुणाची भेट, ती सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला ठेवणे शहाणपणाचे.

पर्यटकाच्या दृष्टीने ही सगळी सोयी-गैरसोयीची गोष्ट आहे. जंगलालगतच्या गावकऱ्यासाठी मात्र पहाटेची वेळ जिवाशी निगडित आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री गळून झाडाखाली पडतात. ऊन चढण्याआधी आणि गुरे-जनावरे येण्याआधी ती वेचावी लागतात. त्यामागोमाग तेंदूपानांचा हंगाम येतो. पहाटे जंगलात शिरून पाने तोडायची, दुपारी घरी बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा, आणि संध्याकाळी तो फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, द्यायचा. वर्षाच्या रोख कमाईचा मोठा भाग या काही दिवसांत पदरात पडतो. आणि नेमकी हीच पहाट वाघाच्याही वावराची. खाली वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाने हल्ला केल्याच्या घटना चंद्रपूर जिल्ह्यात वारंवार घडतात. ज्या प्रहरी पाहुण्यांची गाडी व्याघ्रदर्शनाच्या आशेने निघते, त्याच प्रहरी एखादी माउली टोपली घेऊन वाघ न दिसो अशी प्रार्थना करीत निघालेली असते.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तर बहुतांश वनाच्छादितच आहे. इथल्या दुर्गम गावांत रोज उघडणारी दुकाने थोडी. खरी उलाढाल होते ती आठवडी बाजारात. मीठ, तेल, कापड, भांडी घेऊन फिरते व्यापारी आज या गावी तर उद्या त्या गावी जातात. दूरच्या पाड्यांवरून लोक पायी येतात, आणि दिवस कलू लागताच परतीची वाट धरतात. बाजाराचा वार चुकला, तर साधी वस्तूही आठवडाभर दुरावते. म्हणून प्रवाशाने मुक्कामाच्या गावचा बाजारवार आधी विचारून घ्यावा.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे काळाचे आणखी एक माप पाहावयास मिळते. 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत या गावाचा समावेश होतो. येथील ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एकाचीही असहमती असेल, तर चर्चा पुढे चालू राहते. बांबूचा सौदा करू पाहणाऱ्या व्यापाऱ्यालाही हा धीर धरावा लागतो. मात्र एकदा ठरलेल्या शब्दामागे सारे गाव उभे असते.

पावसाळ्यात प्रवासाचे गणितच बदलते. 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोब्याचे गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद राहते. दक्षिणेकडे, 1973 पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे ख्यात झालेल्या हेमलकशापलीकडे, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. चातुर्मासात साधुसाध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतात, कारण पावसात भूमी असंख्य जीवांनी भरून जाते. त्याच महिन्यांत हे अरण्यही माणसाची वर्दळ थांबवते. ज्यांच्या घरी चातुर्मासाचे महत्त्व बालपणापासून सांगितले जाते, त्यांना या बंदीचे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या भागात येणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, मंगळवार तीर्थदर्शनासाठी राखून ठेवावा, निघण्यापूर्वी फेऱ्यांच्या चालू वेळा पुन्हा तपासाव्यात आणि एका दिवसात फार गावे कोंबू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. अंधार पडल्यावर अरण्यातून जाणारा रस्ता चितळ, रानडुक्कर, अस्वल यांच्या वाटांना छेद देतो, आणि भरधाव मोटारीखाली कित्येक मुके जीव प्राणास मुकतात. चौविहारासाठी लवकर मुक्कामी पोहोचणाऱ्या कुटुंबाकडून त्या रात्री असा एकही जीव दुखावला जात नाही.