बिनकवाडाच्या घरातली भुते

भुताच्या गोष्टीला दार लागते. ते मध्यरात्री करकरत उघडावे, किंवा आतून कडी घातलेली असूनही सकाळी सताड उघडे सापडावे, म्हणजे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. आमची पंचाईत अशी की आम्ही शनिशिंगणापूरचे. आमच्या घराला चौकट आहे, कवाड नाही. पडदा आहे, कडी नाही. रात्री कुत्रे शिरू नये म्हणून आडवी फळी लावायची, एवढाच काय तो बंदोबस्त. खुद्द शनिदेव उघड्या चौथऱ्यावर, ऊनपावसात उभा. तिथे भक्ताने कुलूप कशाला लावावे? अशा घरात बसून आम्ही ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका पाहिली.

झी मराठीवर ती सुरू झाली 22 फेब्रुवारी 2016 रोजी. मी तेव्हा पाचवीत होतो. वेळ रात्री साडेदहाची, म्हणजे आमच्याकडची मध्यरात्रच. तरी आजी, आई-वडील, चुलता-चुलती आणि आम्ही पाच पोरे पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसत असू. चौकटीतला पडदा वाऱ्याने हलला की पोरांची रांग एकदम आजीच्या अंगावर कोसळे. “आरं, हितं कोन येतंय? द्येव जागा हाय,” असे ती म्हणे आणि पदर मात्र स्वतःच घट्ट ओढून घेई.

अण्णा नाईक मरतात आणि त्यांची विखुरलेली मुले कोकणातल्या वाड्यात जमतात, इथून त्या गोष्टीचा आरंभ. आजीला मालवणी कळत नसे. “काय म्हनत्यात रं ही मानसं?” असे ती विचारी आणि आम्ही अंदाजपंचे अर्थ ठोकून देत असू. पांडूचे ‘इसरलंय’ तेवढे तिने लगोलग उचलले. दूध उतू गेले, की ‘इसरलंय!’

त्याच दिवसांत आमचे गाव रोज बातम्यांत होते. चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन चालले होते. गुढीपाडव्याला, 8 एप्रिल 2016 रोजी, तो खुला झाला. संध्याकाळी दूरदर्शन संचावर आपले गाव पाहायचे आणि रात्री अण्णांचा वाडा, असा आजीचा दिनक्रम होता. मालिकेने कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, अशी ओरड सिंधुदुर्गात झाली, तेव्हा ती मला तितकीशी परकी वाटली नाही. आपल्या गावाची गोष्ट दुसऱ्याने सांगितली की ती थोडी खरी आणि थोडी परकी वाटतेच. पुढे आकेरीचा तो वाडा पाहायला लोक जाऊ लागले, जसे आमची बिनकवाडाची घरे पाहायला येतात.

जानेवारी 2019 मध्ये दुसरे पर्व आले. ते पहिल्याच्या आधीची कथा सांगणारे. माधव अभ्यंकरांचे अण्णा आता जिवंत होते आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता घराघरांत पोहोचली. अण्णांचा शेवट आम्हाला ठाऊक होता, तरी एकही भाग चुकवला नाही. मागे वळून पाहणे असेच असते. शेवट माहीत असतो, तरी त्याच्या आधीचे हवे असते.

आमच्या घराचा शेवट मात्र मला तेव्हा दिसला नाही. वाड्यातली माणसे जमिनीवरून भांडू लागली की चुलते उठून बाहेर जात आणि वडील संचाचा आवाज वाढवीत. मला वाटे, त्यांना भीती वाटते. वाटतही असेल, पण भुतांची नव्हे. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमची वाटणी झाली. पुढच्या खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. आमच्या गावात दार लावायला मनाई आहे, भिंत घालायला नाही.

तिसरे पर्व मार्च 2021 मध्ये सुरू झाले आणि 2022 साली संपले. अण्णा आणि शेवंता आता भुते होऊन परतले होते. आजी आमच्याकडे. पोरे दोनच उरली होती. पडदा हलला तरी कोणी कोणाच्या अंगावर कोसळत नव्हते. मालिका बिघडली असे मी मित्रांना सांगत फिरलो. खरे तर आमची बैठक बिघडली होती.

शेवटच्या भागाच्या रात्री संगीत सुरू झाले आणि पाठोपाठ तेच सूर भिंतीपलीकडून आले, क्षणभर मागाहून. आमच्याकडे केबल, त्यांच्याकडे डिश. इतके दिवस ते लोकही पाहत होते तर! वडिलांनी मान वर केली नाही. आजी म्हणाली, “आपला बंद कर. तिकडचा ऐकू येतोय की.” मी खरेच बंद केला. अंधारात आम्ही तिघे-चौघे चुलत्याच्या घरातला शेवटचा भाग नुसता ऐकत बसलो.

आता मी वसतिगृहात राहतो. खोलीला दार आहे, दाराला कडी आहे. ती रात्री घातली की मला भीती वाटते, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.