पिकअपचा सेल्फ घरीच बदलला, त्याची टिपणं



आज टोमॅटोवर नाही, टोमॅटो वाहणाऱ्या गाडीवर लिहितोय. तोड्याच्या दिवशी गाडी चालू झाली नाही तर फवारणीपासून प्रतवारीपर्यंतची सगळी मेहनत बांधावर पडून राहते, म्हणून हाही विषय शेतीचाच समजा.

कुणाच्या गाडीचा सेल्फ कमजोर आहे हे आपल्या गावात विचारावं लागत नाही. गाडी उतारावर लावलेली असते आणि चाकाखाली दगड असतो. असे सहा-सहा महिने काढणारे आहेत. आमच्या पिकअपचं दुखणं मात्र नारायणगावच्या मार्केटात उमटलं, जिथे उतार नाही आणि मागे गाड्यांची रांग. चावी फिरवली की एकच 'टक्', पुढे शांत. हमालांनी धक्का मारून काढून दिली. त्यानंतर शेतात धक्का मारायचं काम तोड्याला येणाऱ्या बायकांवर आलं. दुसऱ्या तोड्याला त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, तोड्याचा रोज येगळा आन् ढकलायचा येगळा."

सगळे हसले, पण बाई खरं बोलल्या. ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी ढकलताना कुणाचा पाय घसरला, तर ते कशात भरून काढणार? पुढचा तोडा तीन दिवसांवर होता, नव्वद-शंभर क्रेट निघणार होते. त्याच्या आत हे मिटवायचं ठरवलं.

ओळखीच्या वायरमनला फोन केला. तो फोनवरच म्हणाला, "सेल्फ गेला, नवीन टाका." आता हे म्हणजे पान पिवळं दिसलं की युरिया टाका म्हणण्यासारखं झालं. खालची जुनी पानं पिवळी पडली तर नत्राचा संशय घ्यायचा, शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाचा. पाणी साचून मुळं गुदमरली तरी झाड पिवळंच दिसतं. गाडीचंही तसंच आहे. चालू न होण्याची कारणं चार असतात आणि त्यातली तीन सेल्फच्या बाहेर असतात.

सगळ्यात सोपी तपासणी बिनपैशाची आहे. हेडलाइट लावा आणि एकाला चावी फिरवायला सांगा. लाइट एकदम मंद होऊन टकटकटक असा आवाज आला, तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा. लाइट तसाच झगझगीत राहिला आणि एकच 'टक्' आला, तर सेल्फपर्यंत पोचलेला करंट आत अडतोय, किंवा मधल्या जाड वायरीत अडतोय. आमचा लाइट जराही हलला नाही.

मग मोटारीच्या पेटीसाठी आणलेला मल्टीमीटर काढला. गाडी उभी असताना चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं, पण साडेनऊच्या खाली जायला नको. आमची बॅटरी १२.६ होती आणि चावी फिरवल्यावरही जवळपास तिथेच. म्हणजे बॅटरीकडे देण्यासारखं होतं, घेणारा घेत नव्हता.

आता अर्थिंग. हे आपल्याकडे कुणी बघतच नाही. चिखल, खताच्या गोणीतून सांडलेले कण, वरून प्रेशरच्या पाण्याने धुणं, यात इंजिनपासून चासीला जाणारी पट्टी आतून सडते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी खराब. पॉझिटिव्हकडची जाड वायरही अशीच तपासता येते. पण एक ध्यानात घ्या, ही मोजणी करंट वाहत असतानाच खरी. आमच्याकडे तो वाहतच नव्हता, म्हणून सरळ सेल्फवर मोजलं. जाड बोल्टवर १२ व्होल्ट होते, चावी फिरवल्यावर बारीक वायरीतही येत होते. वायरी निर्दोष सुटल्या. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, पुतण्याला चावी फिरवायला लावली आणि हातोडीच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर हलकी टपली मारली. घर्रर्र करून फिरला! टपलीने फिरतो म्हणजे बहुतेक आतले कार्बन झिजलेत, किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. हा निदानाचा उपाय आहे, रोजचा इलाज नव्हे.

नवीन सेल्फला साडेसहा हजार सांगितले, दुरुस्त केलेल्याला तीन. मी नवीन घेतला. हंगाम संपत आला असता तर जुन्याचेच कार्बन बदलून वेळ भागवली असती.

काढायला सुरुवात बॅटरीपासून, आणि निगेटिव्ह टोक आधी. कारण सेल्फला येणारी जाड वायर कायम जिवंत असते, चावी बंद असली तरी. सहसा तिला फ्यूजही नसतो. पाना त्या बोल्टला आणि चासीला एकदम टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी पडते. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. इंजिन थंड होऊ द्या, सायलेन्सरचा पाइप तिथून जवळच जातो. चाकांना आडण लावा, आणि गाडी उचलावी लागली तर खाली लोखंडी स्टँडच घ्या. विटा रचून गाडीखाली झोपणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या गाडीखाली जात नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर सेल्फ बसलेला असतो. वायरींचा मोबाइलवर फोटो काढला, मग जाड वायरीचा नट, बारीक वायरीची पिन, आणि शेवटी दोन बोल्ट. खालचा पाच मिनिटांत निघाला. वरचा दिसतच नव्हता. गंज सोडवणारं तेल मारून चहा घेऊन आलो, मग लांब एक्स्टेन्शन लावून चाचपून काढला. त्यात पाऊण तास गेला. बोल्ट निघताना सेल्फला खालून हात हवा, तो जड असतो आणि थेट छातीवर येतो. पुतण्याने धरला.

"काका, दोन्ही सारखेच आहेत ना?" त्याने विचारलं. शेजारी ठेवून बघितले. पिनियनचे दात मोजायचे, बोल्टच्या भोकांचं अंतर आणि नाकाची लांबी ताडायची. मग बॅटरी घेऊन मोकळ्या भोकातून फ्लायव्हीलच्या रिंगचे दात पाहिले. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांवरच थांबतं, त्यामुळे रिंगचे दात तिथेच जास्त झिजतात. इंजिन हाताने फिरवून पूर्ण रिंग बघून घ्या. दात गेलेले असतील तर नवा सेल्फही करकरणार.

बसवताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. सेल्फ जिथे टेकतो ती जागा तारेच्या ब्रशने चकचकीत केली, कारण त्याचं अर्थिंग अंगातूनच होतं. रंग किंवा ग्रीसचा थर तिथे नको. आणि जाड वायरीचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरला. बोल्ट फिरला तर सोलेनॉइडचं झाकण तडकतं आणि नवाकोरा माल वाया जातो. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सगळ्यात शेवटी जोडलं. पहिल्याच चावीला गाडी चालू.

'सेल्फ' हा शब्द आपण किती सहज वापरतो. सेल्फ-स्टार्टर म्हणजे आपोआप चालू करणारा. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, त्याआधी माणसं पुढून हँडल मारायची. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारलेल्यांना वेगळं सांगायला नको. उलटा झटका बसला की मनगट जायचं. वडिलांचा उजवा अंगठा अजून नीट मिटत नाही, त्यांनी हे सगळं बाजेवर बसून पाहिलं आणि विचारलं, "हँडलची सोय ठेवलीय का हिला?"

तिसऱ्या तोड्याला ९४ क्रेट गेले. मावशी गाडीजवळ आल्या, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "म्हंजी आमचा एक रोज बुडाला."

जुना सेल्फ उघडून बघितला. चारपैकी दोन कार्बन स्प्रिंगला टेकेपर्यंत झिजले होते. ते बदलून, आर्मेचर बारीक पॉलिश पेपरने साफ करून तो गोठ्याच्या फळीवर ठेवलाय. सेल्फ मारताना एका वेळी दहा सेकंदांच्या वर चावी धरू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. आणि ज्यांचा मेसेज येणारच आहे त्यांना आधीच सांगतो, तो फळीवरचा सेल्फ ट्रॅक्टरला बसत नाही.