रडावं तर जपानी गायकांनी!

मला हे आधी कुणीच का सांगितलं नाही? जन्मापासून पुण्याजवळच्या लवळ्यात राहतोय. वर टेकडीवर सिंबायोसिस, इकडे फ्लेम ही विद्यापीठं, गावात जागोजागी भाड्यानं राहणारी पोरं आणि त्यांच्या खिडक्यांतून रात्री-बेरात्री ऐकू येणारी जगभरची गाणी. या सगळ्यात जपानी पुरुषांनी गायलेली प्रेमभंगाची गाणी नावाचा एवढा मोठा खजिना पडलाय, हे मला या पावसाळ्यात कळतंय! सध्या भेटेल त्याला धरून ऐकवतोय. आज तुमची पाळी.

माझी कहाणी थोडक्यात उरकतो. एक मुलगी होती, ती आता बंगळुरूला असते आणि तिचं लग्न ठरलंय. बस. आमच्या माडीवर जपानी शिकणारा एक पोरगा राहतो. माझं तोंड बघून तो म्हणाला, "दादा, हे ऐका जरा," आणि मोबाइल हातात देऊन स्वतः अर्थ सांगत बसला.

पहिलंच गाणं नोरियुकी माकिहाराचं, १९९२ सालचं. नाव 'मो कोई नान्ते शिनाई', म्हणजे आता पुन्हा प्रेमबिम नाही. मला वाटलं, आला देवदास. पण गाण्यात होतं काय, तर ती घर सोडून गेलीय आणि हा पठ्ठ्या तिच्यावाचून आपलं काही अडत नाही हे स्वतःला पटवायला चहाचं आधण ठेवतो. आणि चहा कुठं ठेवलेला असतो तेच त्याला माहीत नाही! पुढं शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन टूथब्रशचं काय करायचं, हाही प्रश्न आहेच. चाल म्हणाल तर चक्क प्रसन्न. आणि इतकं सगळं झाल्यावर तो सांगतो की पुन्हा प्रेम करणार नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. शीर्षकातली शपथ गाण्यातच मोडून मोकळा!

मी थक्क. आपल्याकडे प्रेमभंग झालेल्या पुरुषाला दोनच सोयी: दारू पिऊन शायरी, नाहीतर तिच्या नावानं बोटं मोडणं. चहाचा डबा सापडत नाही म्हणून कासावीस होण्याची परवानगी मला कुणी दिलीच नव्हती.

मग काय, सुटलोच. केन्जी सावादाचं 'कात्ते नि शियागारे' ऐका, १९७७ सालचं. त्या वर्षीचं जपान रेकॉर्ड अवॉर्ड याच गाण्याला मिळालं. नावाचा अर्थ साधारण 'कर काय करायचं ते'. असं गुर्मीत म्हणणारा हा मर्द करतो काय? ती सामान आवरत असताना भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतो आणि ती निघालीय हे पाठीनं ऐकतो. पाठीनं! रंगमंचावर सावादा हे झगमगीत कपड्यांत गायचा आणि डोक्यावरची हॅट भिरकावून द्यायचा. ती हॅट उडताना बघा, सगळा आव कळतो.

मासायोशी यामाझाकीचं 'वन मोर टाइम, वन मोर चान्स' १९९७ चं. दहा वर्षांनी माकोतो शिंकाईनं 'फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंद' या ॲनिमेशनपटाच्या शेवटी ते वापरलं आणि जगभरच्या पोरांना रडवलं. गाण्यातला माणूस तिला शोधत राहतो, समोरच्या फलाटावर, गल्लीतल्या खिडक्यांत. ती तिथं असणं शक्य नाही हे त्याला पुरतं ठाऊक असतं. मी लवळे फाट्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक निळ्या छत्रीकडे वळून बघतो, आणि ती आहे बंगळुरूत. हे गाणं कुणी माझ्यावर पाळत ठेवून लिहिलंय की काय!

आता खरी गंमत. या पुरुषांतले कितीतरी जण बाईच्या तोंडून गातात. कागुयाहिमे या त्रिकुटाचं १९७३ चं 'कांदागावा' कोसेत्सु मिनामी गातो, पण बोलतेय ती बाई. तोक्योतली कांदा नदी, काठावरची एवढीशी खोली, दोघांनी सार्वजनिक न्हाणीघरात जायचं आणि बाहेर आल्यावर ओल्या केसांनी, थंडीत, हातातल्या साबणाची खडखड ऐकत त्याची वाट बघायची तिनं. हे ऐकताना मला थेट ज्ञानोबांच्या विराण्या आठवल्या. पुरुषानं बाईचा विरह गायचा, ही रीत तर आपली सातशे वर्षांची! फरक इतकाच की आपली विरहिणी विठ्ठलासाठी झुरते आणि ही साबणाच्या वडीशी थांबते.

आणि ही रीत तिकडे जुनी झालेली नाही. बॅक नंबर नावाचा बँड २००४ मध्ये गुन्मा प्रांतात सुरू झाला. गायक इयोरी शिमिझुला सोडून त्याची मैत्रीण दुसऱ्या एका बँडवाल्याकडे गेली. तिच्या लेखी आपण आता मासिकाचा जुना अंक, म्हणून बँडचं नाव ते! एवढा मार खाल्लेल्या माणसानं २०१६ च्या 'हॅपी एंड'मध्ये कुणाची बाजू गावी? निरोप घेणाऱ्या बाईची.

युउरी नावाचा गायक तर कमालच करतो. २०१९ मध्ये 'काकुरेनबो' म्हणजे लपाछपी हे गाणं, सोडून गेलेल्या मुलीला शोधणाऱ्या मुलाचं. पुढच्या वर्षी 'ड्राय फ्लॉवर', तोच दुरावा, पण तिच्या तोंडून. दोन्ही गातो हाच. 'ड्राय फ्लॉवर' बिलबोर्ड जपानच्या २०२१ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं. ही दोन गाणी मी पाठोपाठ ऐकली आणि मध्येच थांबवून बाहेर पडवीत जाऊन बसलो. तिच्या बाजूनंही एक अख्खं गाणं असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. राग तिथंच अर्धा उतरला. माझ्या मते या गाण्यांतलं औषध ते हेच.

एक तक्रार आहे. केन्शी योनेझुचं २०१८ चं 'लेमन' लोक उगाच प्रेमभंगाच्या यादीत घालतात. ते मृत्यूचं गाणं आहे. लिहीत असतानाच त्याचे आजोबा वारले. ते वेगळं ठेवा, वेगळ्या दिवसासाठी.

सुरांकडे वळतो, कारण इथं मी पार उडालोच. एन्का नावाच्या जपानी भावगीतांत आणि जुन्या लोकप्रिय गाण्यांत 'योनानुकी' नावाची पाच सुरांची पट्टी चालते. चौथा आणि सातवा सूर वगळायचा. म्हणजे म आणि नी वर्ज्य. म्हणजे सा रे ग प ध. अहो, भूप! गंधार-धैवत कोमल केले की त्याच पट्टीचं दुखरं रूप. क्यू साकामोतोचं १९६१ चं 'उए ओ मुइते आरुको' मी भजनी मंडळाच्या पेटीवर काढून पाहिलं. बरीचशी चाल भूपाच्या सुरांत बसते. आसवं ओघळू नयेत म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचं हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तेही जपानीतच.

आई पेटी ऐकून बाहेर आली. "आरं, ह्यो मानूस रडतोय का गातोय?" मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "मग बरं हाय. वाजीव."

दुःखी गाण्यानं बरं का वाटावं, याचाही शोध जपानातच घेतलाय. आय कावाकामी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४४ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणाऱ्यांना संगीत जितकं शोकाचं जाणवलं, तितका शोक त्यांच्या स्वतःच्या मनात उमटला नाही, उलट थोडी गोड भावनाही आली. मला हे पेटीवर आधीच कळलं होतं, पण कागदावर असलेलं बरं.

आणि पुण्याला जपान परका थोडाच आहे! पु. ल. 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात जपान हिंडून आले, आणि सिंहगड रस्त्यावर त्यांच्याच नावाची बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभी आहे. तिथं बाकावर बसून इअरफोन लावा, कुणी काही विचारणार नाही.

फक्त क्रम पाळा. सुरुवात यामाझाकीनं करू नका, पहिल्याच फटक्यात आडवे व्हाल. आधी माकिहारा, तेही सकाळी. मग सावादा, मग युउरीची दोन्ही गाणी पाठोपाठ, 'काकुरेनबो' आधी. अर्थ समजून घेतल्याशिवाय एकही ऐकू नका, आणि ऐकून झाल्यावर तिला फोन करू नका.