आडनावाचा रकाना

चेन्नईहून सायकलने मध्य आशियात जायचं म्हटलं तर नकाशा फार सोपा दिसतो. नागपूर, दिल्ली, अमृतसर, लाहोर, काबूल, आणि पलीकडे उझबेकिस्तान. प्रत्यक्षात ही रेघ अटारीला संपते. पाकिस्तानातून सायकलने आरपार जाण्याचा व्हिसा भारतीय पासपोर्टवर मिळेल असं धरून कुणीच बेत आखत नाही, आणि २०२५ च्या एप्रिलपासून तर तो नाकाच बंद आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा लाहोर, कराची, क्वेट्टा आपल्याच नकाशात होतं. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पुरी करून परत आले. आम्हाला मात्र 'जमिनीवरच्या' प्रवासाची सुरुवात दिल्लीहून अल्माटीच्या विमानाने करावी लागली. सायकली पुठ्ठ्याच्या खोक्यांत.

हे २०२४ च्या मे महिन्यातलं. अल्माटी ते बुखारा, वाटेत किर्गिझस्तान. नवरा नुकताच निवृत्त झाला होता, आणि महाबलीपुरमपर्यंत जाऊन इडली खाऊन परत येण्याचा आम्हा दोघांनाही कंटाळा आला होता. त्यातल्या त्यात हे देश आपल्याला सोपे. कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही, बाकी दोन्हीकडे ई-व्हिसा. सायकलला तर कागद असा लागतच नाही. मोटारसायकलवाले कार्नेसाठी बँकेची हमी शोधत फिरतात. सायकल मात्र नाक्यावर बोचक्यासारखी सामानात मोजली जाते.

अडचण आली ती आडनावाच्या रकान्यात.

मी मूळची साताऱ्याची. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी आपली तीन डब्यांची गाडी, आणि लग्नानंतरही मी ती बदलली नाही. नवरा तमिळ. त्याचं नाव एकच. त्याच्या आधी एक इंग्रजी आद्याक्षर, ते वडिलांच्या नावाचं. पासपोर्टात आद्याक्षर चालत नाही, नाव पूर्ण लिहावं लागतं. त्यामुळे इथले कितीतरी लोक वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकतात आणि परदेशात 'मिस्टर' लावून त्यांना वडिलांच्याच नावाने हाक मारली जाते. नवऱ्याने ते केलं नाही. त्याच्या पासपोर्टात आडनावाची जागा कोरी आहे.

कोरी आहे ती निष्काळजीपणाने नव्हे. १९२९ साली चेंगलपट्टूला आत्मसन्मान चळवळीची परिषद भरली आणि जातिवाचक आडनावं सोडण्याचा ठराव झाला. पेरियारांनी स्वतःचं 'नायकर' टाकलं. त्या वाऱ्यात नवऱ्याच्या आजोबांनीही आपलं शेपूट कापलं. घरात ते आडनाव मी वीस वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही. एकदा सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "ते सोडलं ना, मग आता कशाला हवं?"

आणि आता एक फॉर्म ते मागत होता. लाल तारा असलेला रकाना. रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडेना. मैलापूरच्या ज्या झेरॉक्सवाल्याकडे मी छपाईला जाते, त्याला ही दुखणी पाठ आहेत. कुणाला एकच नाव दोनदा लिहावं लागतं, कुणाच्या अमेरिकन व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा नाही असा नियम आणला, तेव्हा त्याच्याकडे रांगा लागल्या होत्या म्हणे. मग पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असलं तर चालेल, असा खुलासा आला.

मी नवऱ्याला म्हटलं, "जुनं आडनाव टाकून मोकळे होऊ. कोण बघतंय?"

तो म्हणाला, "मी बघतोय."

दोन दिवस आम्ही फक्त चेनच्या तेलाविषयी बोललो. शेवटी त्याने स्वतःचंच नाव दोन्ही रकान्यांत लिहिलं. माझा जीव टांगणीला. पासपोर्टात एक, व्हिसात दुसरंच. विमानतळावर निदान परतीचं विमान असतं, सायकलवाल्याने नाक्यावरून माघारी जायचं म्हणजे आलेला सगळा रस्ता.

तारखांचंही तसंच. फॉर्म विचारतो, अमुक दिवशी प्रवेश, अमुक रात्री मुक्काम कुठे. समोरून वारा सुटला की दिवसाला ९० किलोमीटरचे ५० होतात, हे त्यात लिहायला जागा नाही. नाक्यावर लवकर पोचलं तर व्हिसा सुरू झालेला नसतो, उशीर झाला तर मुक्कामाचे दिवस कापले जातात. मी दर सीमेआधी चार दिवस मोकळे सोडले होते. त्यातले तीन अल्माटीतच गेले, एका खोक्यातला वाकलेला डिरेलर सरळ करून घेण्यात.

अल्माटी ते कोर्दाय नाका सुमारे २०० किलोमीटर. पलीकडे बिश्केक. किर्गिझ बाजूच्या खिडकीत एक तरुण शिपाई होता. माझा पासपोर्ट त्याने पटकन शिक्का मारून दिला. नवऱ्याचा उलटसुलट केला.

"फमीलिया?" म्हणजे आडनाव.

नवऱ्याने मान हलवली. नाही.

मी शेवटचं पान उघडून दाखवलं. तिथे वडिलांचं नाव असतं, आईचं, आणि माझंही, पत्नी म्हणून. शिपायाने वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, मग नवऱ्याकडे रोखलं, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "ऊलू!" तो म्हणाला. वडिलांचं नाव, ऊलू, मग नवऱ्याचं नाव, असं त्याने तीनदा म्हणून दाखवलं. ऊलू म्हणजे मुलगा. अमक्याचा मुलगा तमका. सोव्हिएत काळात चिकटलेले 'ओव्ह' आणि 'एव्ह' टाकून देऊन बरेच किर्गिझ लोक पुन्हा असं नाव लावतात, हे मला पुढे बिश्केकच्या खानावळीत कळलं. मुलींना 'कीझी'. शिपाई स्वतःच्या छातीवरच्या पट्टीकडे बोट दाखवत होता. तिथेही ऊलू होतं.

मागची रांग कुरकुरत होती. शिक्का बसला.

ओशपर्यंतच्या वाटेवर तीन हजार मीटरच्या वरच्या दोन खिंडी लागतात. पहिलीच्या माथ्यावर लांबलचक बोगदा आहे, धुराने भरलेला. तिथे सायकली ट्रकमध्ये टाकून पार व्हावं लागलं. बाकी चढ नवरा जवळजवळ गात चढला. गेस्टहाउसच्या वहीत नाव लिहायची वेळ आली की तो वही माझ्याकडून ओढून घ्यायचा आणि अक्षर लावून लिहायचा: वडिलांचं नाव, ऊलू, स्वतःचं नाव.

"माझ्यापुढे काय लिहू?" त्याने ओशला विचारलं.

मी म्हटलं, "कीझी. आणि आडनावही राहू दे. माझं ते माझ्यापाशी आहे."

त्याने दोन्ही लिहिलं. जागा पुरेना म्हणून आडनाव समासात गेलं.